उघडा प्रोसेसर, बंद मदरबोर्ड

प्रश्न: काका, दोन वर्षं पैसे साठवून पहिला गेमिंग पीसी स्वतःच्या हातानं असेंबल करतोय. प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगाच्या वर पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचाच, हे पक्कं आहे. यादी अशी: कोअर आय७ १४७००के, बी७६० मदरबोर्ड, ३६० चा लिक्विड कूलर, डीडीआर५ रॅमच्या ८ जीबीच्या चार स्टिक, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि समोरून काच असलेलं कॅबिनेट. मॉनिटर आधीच घेतलाय, १४४०पी, १६५ हर्ट्झ. ताई म्हणते, ओव्हरक्लॉकिंग हे जुन्या लोकांचं खूळ आहे, त्यात पैसे घालू नकोस. यादीत काय बदलू? आणि ताईला काय उत्तर देऊ?
— अर्धा पीसी, पूर्ण उत्साह

उत्तर:

अर्ध्या पीसी,

ताईला काय सांगायचं ते शेवटी. ती अर्धी बरोबर आहे, आणि कुठली अर्धी ते आत्ताच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. ‘काका’ म्हणालास त्याबद्दल मात्र तक्रार नोंदवून ठेवतो.

मॉनिटर सोडला तर अजून काही विकत घेतलेलं नाहीस, हे फार बरं झालं. तुझ्या यादीत एक गाठ अशी आहे, की पीसी जोडून, विंडोज टाकून, उत्साहानं बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगचा पडदा, उघडल्यावरच ती तुला कळली असती. ‘१४७००के’ मधला ‘के’ म्हणजे या प्रोसेसरचा मल्टिप्लायर, मूळ ठोक्याला ज्यानं गुणून चिपचा वेग ठरतो तो आकडा, खुला आहे. त्या एका अक्षरासाठी तू जास्तीचे पैसे मोजतोयस. पण मल्टिप्लायर हलवू द्यायचा की नाही हे मदरबोर्डचा चिपसेट, म्हणजे त्याच्यावरची मुख्य चिप, ठरवते, आणि इंटेलनं त्या पिढीत ती मुभा फक्त झेड मालिकेला, म्हणजे झेड६९० आणि झेड७९० ला दिली. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर वर नेता येत नाही. घराचं दार सताड उघडं आणि फाटकाला कुलूप, अशातली गत.

आता ‘मग झेड७९० घे’ असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. नाही म्हणणार.

मी हे खूळ डोक्यात घेतलं तेव्हा काळ वेगळा होता. १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए घे. चिप ३०० मेगाहर्ट्झची, मल्टिप्लायर साडेचार, बस, म्हणजे तो मूळ ठोका, ६६ मेगाहर्ट्झची. ती बस १०० वर नेली की तीच चिप ४५० वर धावायची. दीडपट वेग, फुकट. पुढे एएमडीच्या ॲथलॉनवर तुटक ठेवलेले बारीक पूल आम्ही साध्या पेन्सिलीनं रेघ ओढून जोडायचो, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. तेवढ्यानं मल्टिप्लायर खुला व्हायचा. कंपासपेटीतलं हत्यार! त्या दिवसांत उत्तम निघालेल्या चिपांनाही स्वस्तातलं लेबल लावून विकलं जायचं, म्हणून एवढी जागा शिल्लक राहायची. आज ती जागा कंपनी स्वतःच वापरते. १४७००के आपण होऊन ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो आणि त्यासाठी २५३ वॉटपर्यंत वीज ओढायची परवानगी इंटेलनंच त्याला दिलेली आहे. ज्या उसाचा रस काढायला तू निघालायस तो चरकातून एकदा जाऊन आलाय. चिप नव्हे, चिपाड.

आणि उरलेला थोडासा रस काढायची किंमत उष्णतेत मोजावी लागते. हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर करता येतो, म्हणून करूनच टाकू. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. समज, ५.० गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागत होते आणि ५.३ वर स्थिर ठेवायला १.३५ लागले. वेग वाढला ६ टक्के. व्होल्टेज आठव्या भागानं वाढलं, पण त्याचा वर्ग केला की १.२७ पट होतात, त्याला १.०६ नं गुणलं की १.३४ पट. सहा टक्के वेगासाठी चौतीस टक्के जास्त उष्णता. आणि ते सहा टक्के तरी गेममध्ये पोचतात का? ग्राफिक्स कार्ड आधीच धापा टाकत असेल, तर एकही पोचत नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीबद्दल आणखी एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. या पिढ्यांतले वरच्या टोकाचे प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला छोटा प्रोग्राम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस टाकला तर नवी चिप सुरक्षित राहावी. पण झिजलेली चिप त्यानं बरी होत नाही. ज्या चिपचा आजार मुळात व्होल्टेजचा, तिच्यावर व्होल्टेज वाढवण्याचा छंद कशाला जोपासायचा? शिवाय ही चिप बोर्डावर ज्या बैठकीत बसते तो एलजीए१७०० सॉकेट संपलाय. इंटेलची पुढची पिढी वेगळ्या सॉकेटवर गेली. तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा म्हटलंस तर बोर्डही बदलावा लागेल.

म्हणून आधी यादीतला पैसा कुठून कुठे न्यायचा ते बघू. तुझ्या यादीत आय७ आणि ३६० चा कूलर यांनी मोठा घास घेतलाय, आणि जे खरोखर चित्र काढतं त्या ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला ८ जीबी आलेत. १४४०पी च्या मॉनिटरसाठी हे मला पटत नाही. आजचे बरेच मोठे गेम उंच टेक्श्चरवर ८ जीबीच्या बाहेर जातात. कार्डाची मेमरी भरली की उरलेला डेटा मदरबोर्डवरून साध्या रॅममध्ये ये-जा करू लागतो, आणि सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बरे दिसत असतानाही गेम मध्येच अडखळतो. क्लॉक वाढवता येतो, कूलर बदलता येतो, पण ओव्हरक्लॉक करून जीबी वाढत नाहीत. तेव्हा १६ जीबीचं कार्ड घे. आवाक्यात बसलं तर आरटीएक्स ५०७० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी. नसेल बसत, तर निदान तुझ्याच ५०६० टीआय चं १६ जीबीचं मॉडेल. प्रोसेसर एक पायरी खाली आणून कार्ड एक पायरी वर नेलंस, तर तुझ्या मॉनिटरवर जो फरक दिसेल तो कुठल्याही ओव्हरक्लॉकनं दिसणार नाही.

प्रोसेसरला मी एएमडीच्या एएम५ सॉकेटवर नेईन. एक कारण सरळ आहे: हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असं एएमडीनं जाहीर केलंय. दुसरं कारण तुझ्या छंदाशी जोडलेलं आहे. रायझन ७ ९७००एक्स हा आठ कोरचा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो आणि प्रत्यक्षात ८८ वॉटच्या मर्यादेत बांधून येतो. म्हणजे याचा लगाम कंपनीनं मुद्दाम आवळून ठेवलाय. नंतर एएमडीनंच बायोसमधून १०५ वॉटचा पर्याय दिला, त्यात मर्यादा १४२ वॉटपर्यंत जाते. हातानं खेळायला जागा आहे ती इथे. खरं सांगायचं तर ही जागा व्हिडिओ रेंडर करताना जास्त दिसते, गेममध्ये कमी. तुला फक्त आणि फक्त गेमच खेळायचे असतील आणि पैसे पुरत असतील, तर ९८००एक्स३डी घे. त्याच्यावर ९६ एमबीचा एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे आणि गेमना तो मेगाहर्ट्झपेक्षा जास्त मानवतो. आधीच्या ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी वर जास्तीचा कॅश कोरच्या डोक्यावर बसवलेला होता, त्यामुळे उष्णता अडायची आणि मल्टिप्लायर बंद ठेवला होता. ९८००एक्स३डी मध्ये तो कॅश कोरच्या खाली नेला आणि मल्टिप्लायर उघडला. पण त्याच्यासाठी ग्राफिक्स कार्ड खाली आणणार असशील, तर नको. ९७००एक्स आणि चांगलं कार्ड हीच जोडी.

मदरबोर्ड. एएमडीकडे कुलूप थोडं वेगळ्या जागी आहे. जवळजवळ सगळे रायझन खुले असतात आणि बी मालिकेतही ओव्हरक्लॉक करता येतो. पण ए६२० वर प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक नाही, आणि बी८४० वरही नाही. बी८५० वर आहे. नावात एका आकड्याचा फरक! घाईत बघणारा माणूस हमखास फसावा अशीच ही नावं ठेवलेली दिसतात. तू बी६५० किंवा बी८५० घे. एक्स८७० साठी जास्तीचे पैसे दिलेस तर यूएसबी४ सारख्या गोष्टी मिळतील, ओव्हरक्लॉक वेगळा मिळणार नाही. आठ कोरच्या प्रोसेसरला सगळ्यात महागडा बोर्ड म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बोर्डात बघायचं काय? खोक्यावर छापलेला फेजचा आकडा नव्हे. व्हीआरएम, म्हणजे एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवणारा भाग, त्याच्यावर खरा धातूचा, खाचा असलेला हीटसिंक आहे का ते बघ. नुसतं प्लास्टिकचं रंगीत झाकण असलेले बोर्डही मिळतात. दुसरं, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असू दे. जुन्या साठ्यातला बी६५० आला तर त्यातला बायोस ९००० मालिका (९७००एक्स तिच्यातलाच) ओळखत नाही आणि पीसी सुरूच होत नाही. हे बटण असलं की प्रोसेसर न चालवता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. तिसरं, क्लिअर सीमॉसचं बटण. चुकीची सेटिंग देऊन पीसी रुसला की ते एकदा दाबलं की सगळं मूळपदावर. तू हे बटण दाबणारच आहेस, एकदा नाही, वीसदा. ते नसेल तर दर वेळी स्क्रूड्रायव्हरनं दोन पिना टेकवायच्या, ग्राफिक्स कार्डाखाली हात घालून.

रॅमवर मात्र जरा थांबू या. आजच्या पीसीत ओव्हरक्लॉकिंगचा खरा मेवा इथे आहे, आणि तुझ्या यादीतली दुसरी मोठी चूकही इथेच आहे.

८ जीबीच्या चार स्टिक दिसायला भरगच्च दिसतात. चारही खाचा भरल्या, दिवे लागले, फोटो छान. पण डीडीआर५ मध्ये चार स्टिक सांभाळताना प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरची दमछाक होते. एएमडीच्या स्वतःच्या आकड्यांत ९००० मालिकेला दोन स्टिकवर ५६०० चा वेग आहे आणि चार स्टिकवर थेट ३६००. त्याच्या वर जाणं जमलं तर नशीब. शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर चिपा कमी असतात, त्यामुळे त्या जरा मंदच चालतात. तेव्हा १६ जीबीच्या दोन स्टिक घे, एकाच पाकिटात जोडीनं आलेल्या. वेग ६०००, सीएल३० (मागणीनंतर रॅम किती ठोके थांबते तो आकडा), आणि पाकिटावर ईएक्सपीओ लिहिलेलं असू दे. रॅमला त्या वेगावर नेणारा तो एएमडीचा तयार प्रोफाइल, इंटेलकडच्या एक्सएमपीचा भाऊ.

नेमके ६०००च का, असं तू विचारशीलच, कारण शेजारच्या खोक्यावर ७२०० लिहिलेलं दिसेल. एएम५ वर मेमरी आणि मेमरी कंट्रोलर साधारण ६००० च्या आसपासपर्यंत एकाच तालात चालतात. त्याच्या बऱ्याच वर गेलास की कंट्रोलर अर्ध्या वेगावर उतरतो आणि मोठा आकडा असून गेममध्ये फायदा हाती लागत नाही. सीएलचा हिशोबही सोपा आहे: सीएलला २००० नं गुणायचं आणि वेगानं भागायचं, नॅनोसेकंद मिळतात. ६०००, सीएल३० म्हणजे १०. ६०००, सीएल३६ म्हणजे १२. साधी ४८००, सीएल४० म्हणजे जवळजवळ १७. खोक्यावरचे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, एकटा मोठा आकडा फसवतो. स्टिक बसवताना प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोन शेजारी-शेजारी भरलेले पीसी मी इतके पाहिलेत की आता कुणाच्याही घरी गेलो की आधी काचेतून खाचा मोजतो.

एक जुनी जखम दाखवतो. मी एकदा रॅम प्रोफाइलच्या वर नेली, दोन तास चाचणी चालवली, चूक दिसली नाही, खूश झालो. तीन आठवड्यांनी काही फोटो उघडेनात. मग काही झिप फायली. मग विंडोजनं अपडेट घ्यायलाच नकार दिला. प्रोसेसर अस्थिर असला तर पीसी तोंडावर आपटतो, निदान कळतं तरी. रॅम किंचित अस्थिर असली तर ती गुपचूप एखादा बिट उलटा करते, ती चूक डिस्कवर जाऊन बसते आणि तुला कळेपर्यंत बॅकअपमध्येही पोचलेली असते. रॅमची चाचणी रात्रभर. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालवायची, मग विंडोजमध्ये वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी. आणि एक चूक म्हणजे नापास. ‘एकच तर आली’ असं या परीक्षेत नसतं.

कूलर. ९७००एक्स ला ३६० चा लिक्विड कूलर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. या प्रोसेसरच्या आतली कोर असलेली चकती सुमारे ७० चौरस मिलिमीटरची आहे, अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. अडचण उष्णता हवेत सोडण्याची कमी आणि एवढ्याशा जागेतून ती बाहेर काढण्याची जास्त असते. रेडिएटर कितीही मोठा लावला तरी ती वाट रुंद होत नाही. दोन मनोऱ्यांचा, दोन १२० मिलिमीटर पंख्यांचा चांगला एअर कूलर १४२ वॉट आरामात सांभाळतो, त्यात पंप नाही, पाणी नाही, बिघडायला फक्त पंखा. उंची तेवढी कॅबिनेटशी ताडून बघ, आणि रॅमवरचे शोभेचे उंच पत्रे पहिल्या मनोऱ्याखाली येतात का तेही. लिक्विडचाच हट्ट असेल तर पंप हा सगळ्यात उंच बिंदू होणार नाही असा बसव. आत राहिलेली हवा वर जाते, ती पंपात अडकली की घरघर सुरू होते. आणि कूलरच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढ. हसू नकोस. आमच्यातल्या भल्याभल्यांनी ती तशीच ठेवून ‘थर्मल पेस्ट खराब निघाली’ म्हणून बोंब मारलेली आहे.

समोरून सबंध काच असलेलं कॅबिनेट ओव्हरक्लॉकरसाठी नाही. समोर जाळी हवी, दोन किंवा तीन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. काच बाजूला असू दे, दिवे तिथून दिसतात. ३०० वॉटचं कार्ड बंद पेटीत ठेवलं की ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा पिऊ लागतं, मग क्लॉक वाढवला काय आणि नाही काय.

एसएमपीएसवर लोक शेवटी उरतील ते पैसे घालतात. उलटं कर. ‘ब्राँझ’ आणि ‘गोल्ड’ हे शिक्के फक्त कार्यक्षमतेचे आहेत, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते एवढंच ते सांगतात. आतले कपॅसिटर कसे आहेत, संरक्षण सर्किट वेळेवर तोडतं का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची उघडून केलेली परीक्षणं वाच. आकडा किती? ५०७० टीआय ३०० वॉटचं, प्रोसेसर १४२, पंखे, डिस्क, बोर्ड धरून पाचशेच्या आसपास जातोस. मग ६५० पुरायला हवा, बरोबर? अडचण अशी की आधुनिक कार्ड सरासरी ३०० वॉट घेत असलं तरी क्षणभरासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. मिलिसेकंदापेक्षा छोटी उसळी, पण कमकुवत एसएमपीएसला ती शॉर्ट सर्किटसारखी वाटते आणि ऐन गेममध्ये पीसी फट्‌दिशी बंद. ब्लू स्क्रीन नाही, काही नाही, नुसता अंधार. म्हणून तर २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. त्यात ग्राफिक्स कार्डाच्या नव्या जोडणीसह येणाऱ्या मोठ्या एसएमपीएसनं आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे अशी अट आहे. तू एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा, ७५० वॉटचा घे. हात सैल असेल तर ८५०. कार्डाला सोळा पिनांची नवी जोडणी असली तर ती पूर्ण आत, टक् होईपर्यंत दाब, आणि केबल जोडणीच्या तोंडाशीच वाकवू नकोस. अर्धवट बसलेली जोडणी तापून वितळलेली लोकांनी पाहिली आहे. जुन्या एसएमपीएसची मॉड्युलर केबल नव्याला कधीही लावू नकोस. टोकं सारखी दिसतात, आतली तारांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि चुकलं तर डिस्क जागच्या जागी मरते.

एसएसडीबद्दल काही सांगण्यासारखं नाही. चांगल्या कंपनीचा एक टीबीचा एनव्हीएमई घे आणि पुढे चल.

आता पीसी उभा राहिल्यावर. पहिला आठवडा हात बांधून ठेव. जसा आहे तसा चालव, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमानं बघ, प्रोसेसरची परीक्षा घेणाऱ्या सिनेबेंचचा स्कोअर आणि तुझ्या दोन-तीन आवडत्या गेमचे एफपीएस वहीत लिही. वहीत म्हणतोय, पीसीवरच्या फायलीत नाही, कारण हवी असेल तेव्हा नेमका तोच पीसी सुरू होत नसतो. मग एका वेळी एकच गोष्ट. आधी ईएक्सपीओ. रात्रभराच्या चाचणीत ते पास झालं की प्रोसेसरचा कर्व्ह ऑप्टिमायझर.

हा कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणजे जुन्या ओव्हरक्लॉकिंगची उलटी बाजू आहे. इथे व्होल्टेज वाढवत नाही, कमी करतो. उणे १० दिलंस की प्रत्येक पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट या हिशोबानं चिपला कमी व्होल्टेज मिळतं, ती थंड राहते आणि उरलेल्या सवलतीत आपोआप जास्त वेगानं धावते. उणे १५ वर सगळे कोर सहसा तयार होतात, उणे ३० वर एखादा तरी कुरकुरतो. आणि तो भाराखाली नाही कुरकुरत! सिनेबेंच तासभर चालेल, गेम चालेल, आणि पीसी रिकामा बसलेला असताना, तू जेवायला गेलेला असताना रीस्टार्ट होईल. कारण सगळ्यात उंच क्लॉक एकट्या कोरला हलक्या कामात मिळतो आणि व्होल्टेजची ओढाताण तिथेच असते. त्यासाठी एकेका कोरला वेगळं तपासणारं कोअरसायकलर वापर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए’ नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसल्या तर पीसी अजून पडला नसला तरी पडायच्या बेतात आहे असं समज.

आणखी एक सापळा. व्होल्टेज फार उतरवलं की स्क्रीनवर ५.५ गिगाहर्ट्झ दिसत राहतात आणि स्कोअर मात्र खाली येतो. चिप आतल्या आत घड्याळाचे ठोके लांबवते. म्हणून मेगाहर्ट्झ नव्हे, स्कोअर मोज. जुन्या सवयीनं मी स्वतः आधी मेगाहर्ट्झच बघतो, मग स्वतःवरच चिडतो.

ग्राफिक्स कार्ड शेवटी, आणि तेच सगळ्यात मजेचं. आफ्टरबर्नर या प्रोग्राममधून कोर २५-२५ मेगाहर्ट्झनं वर ने, तासभर खेळ, ठिपके किंवा चमक दिसली की दोन पायऱ्या मागे ये. कार्डाच्या मेमरीत मात्र शहाणपण लागतं. तिच्यात चूक पकडून पुन्हा पाठवण्याची सोय असते, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी पीसी पडत नाही, नुसते एफपीएस घटू लागतात. वाढवतोय वाढवतोय आणि कामगिरी खाली चाललीय, असं झालं तर ती जागा आली.

एसओसी व्होल्टेजला, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजला, हात लावायचाच असेल तर १.३ व्होल्ट ही भिंत आहे. २०२३ मध्ये काही ७०००एक्स३डी प्रोसेसर बोर्डांनी दिलेल्या जास्त व्होल्टेजमुळे जळाले, त्यानंतर एएमडीनं ही मर्यादा घालून दिली. बायोस नवा ठेवलास तर ती आपोआप पाळली जाते. आणि हो, ओव्हरक्लॉकिंगनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे एएमडी आणि इंटेल दोघांच्याही अटींत लिहिलेलं आहे.

आता ताई. वेगासाठी ओव्हरक्लॉकिंग करायचं असेल तर ताईचं बरोबर आहे. तुझ्या जुन्या यादीऐवजी नवी यादी घेऊन, एकही सेटिंग न बदलता, तू त्या ओव्हरक्लॉकच्या कितीतरी पुढे गेलेला असशील. उरलं ते खूळ, आणि त्यावर आता जास्तीचे पैसे जात नाहीयेत. जाळीचं कॅबिनेट, दणकट एसएमपीएस, नीट थंड होणारा बोर्ड हे सगळं ओव्हरक्लॉक न करणाऱ्यालाही घ्यावंच लागतं. तेव्हा तिला सांग की आय७ आणि पाण्याचा कूलर यादीतून काढले. बाकीचं ती पीसी पाहिल्यावर बोलेल.

शेवटची सूचना, कारण दर महिन्याला कुणीतरी घाबरून लिहितंच. ईएक्सपीओ लावून पहिल्यांदा रीस्टार्ट केलास की स्क्रीन काळी राहील. पंखे फिरतील, दिवे लागतील, चित्र येणार नाही. बोर्ड त्या वेळी रॅमला तालीम देत असतो आणि एएम५ वर याला काही मिनिटं सहज लागतात. पॉवरचं बटण दाबून धरू नकोस. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांब, त्यानंतर क्लिअर सीमॉस. आणि मग ते वहीतले दोन आकडे मला पाठव, आधीचा आणि नंतरचा.